फोनची लेव्हल, मिस्त्रीची नळी आणि आमचं चार बाय सहाचं बाथरूम

डिसेंबरमध्ये आजी बाथरूममध्ये घसरली. मनगटाचं हाड मोडलं, दीड महिना हात प्लॅस्टरमध्ये. खुब्यावर पडली नाही हे नशीब म्हणायचं, असं डॉक्टर म्हणाले. आमचं घर जळगावात, बरंच जुनं. बाथरूम सहा फूट लांब, चार फूट रुंद. खाली घासून गुळगुळीत झालेली फरशी, आणि पाणी नहाणी ट्रॅपकडे जायच्या ऐवजी दाराशी साचायचं. आजी पडली तीही दाराशीच.

मी पुण्यात कोडिंग करतो. फेब्रुवारीत दहा दिवसांची रजा टाकली आणि ठरवलं, हे बाथरूम आता नवीन करून टाकायचं. डिग्री आहे, फोन आहे, फोनमध्ये मोजमापाची ॲप्स आहेत, अजून काय पाहिजे? बरंच काही पाहिजे होतं. फोन काही ठिकाणी फार उपयोगी पडला, काही ठिकाणी त्याने मला तोंडावर पाडलं. कुठे काय झालं आणि का झालं, ते सांगतो. तुमच्या घरी असं काम निघालं तर निदान माझ्या चुका तरी टळतील.

मोजमाप: कॅमेऱ्याने की टेपने?

फोनने लांबी मोजणारी ॲप्स तुम्ही पाहिली असतील. एका टोकावर टॅप करा, दुसऱ्या टोकावर टॅप करा, मध्ये रेघ आणि आकडा. आयफोनमध्ये मेझर ॲप येतंच. अँड्रॉइडवर गुगलचंही एक मेझर ॲप होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं. आता इतरांची आहेत. हे चालतं कसं ते एकदा समजून घ्या, म्हणजे बाथरूममध्ये ते का फसतं हे लगेच कळेल.

कॅमेरा समोरच्या दृश्यातले ठळक बिंदू शोधतो. लादीचा कोपरा, भिंतीवरचा डाग, पोपडा, असं काहीही. तुम्ही फोन हलवता तसे हे बिंदू चित्रात सरकतात आणि त्या सरकण्यावरून अंतराचा अंदाज बांधला जातो. पण नुसत्या चित्रावरून एखादी वस्तू लहान आणि जवळ आहे की मोठी आणि लांब आहे, हे कळत नाही. म्हणून फोन स्वतः किती हलला हे ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोपकडून घेतलं जातं. दोन्ही जुळवलं की आकडा मिळतो.

आता बाथरूम डोळ्यासमोर आणा. चकचकीत पांढऱ्या टाइल्स, म्हणजे ठळक बिंदू कमी. त्यात आरसा आणि ओली फरशी, म्हणजे प्रतिबिंबातले खोटे बिंदू जास्त. प्रकाश कमी. चार फुटांच्या जागेत फोन हलवायलाही जागा नाही. मी तीच भिंत तीनदा मोजली आणि तीन वेगळे आकडे आले, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्यात चार सेंटिमीटरचा फरक. हॉलमध्ये सोफा बसेल का हे बघायला तेवढं चालतं. कमोड आणि भिंत यांच्यात चार सेंटिमीटर कमी पडले तर गुडघे दाराला लागतात. काही महागड्या फोनमध्ये लायडार असतो, तो प्रकाश परतून यायला लागणाऱ्या वेळावरून अंतर काढतो. तो बरा, पण टाइल कापायला त्यावरही विसंबू नका. साधा पाच मीटरचा टेप घ्या.

टेपने मोजतानाही एक गोष्ट विसरू नका: दोन्ही कर्ण मोजा. आमच्या बाथरूमचा एक कर्ण दुसऱ्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटरने मोठा निघाला. म्हणजे खोली काटकोनात नव्हतीच. जुन्या घरांत हे नेहमीचं आहे. आधी कळलं तर तिरकी कापलेली टाइल दारामागच्या कोपऱ्यात लपवता येते. नंतर कळलं तर ती बरोबर दारासमोर येते.

नकाशासाठी मी आधी एका ॲपमध्ये थ्रीडी मॉडेल बनवलं. दिसायला झकास. आजीला दाखवलं, ती म्हणाली, "छान आहे रे, पण यात मी कुठे बसणार?" तिचं बरोबर होतं. ती पाटावर बसून बादली-तांब्याने आंघोळ करते आणि माझ्या मॉडेलमध्ये पाटाला जागाच नव्हती. मग वर्तमानपत्रांची पानं कापली. कमोडच्या मापाचं एक, पाटाच्या मापाचं एक, बादलीचं गोल. ती जमिनीवर पसरली आणि आजीला मध्ये उभं केलं. पाच मिनिटांत ठरलं काय कुठे येणार ते.

उतार, आणि माझी फजिती

बाथरूमच्या जमिनीला ट्रॅपकडे उतार लागतो. फार नाही, साधारण ८० ला १. आमच्याकडे दारापासून ट्रॅपपर्यंत १६० सेंटिमीटर, म्हणजे एकूण उतार फक्त २ सेंटिमीटर. याहून कमी केला तर पाणी थांबतं, फार जास्त केला तर म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो आणि पाट डगमगतो.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी दाराकडच्या लाद्यांच्या तीन ओळी बसवल्या. मी फोन काढला, स्पिरिट लेव्हलचं ॲप उघडलं, कव्हर काढून फोन लादीवर ठेवला. वरची बाजू ट्रॅपकडे. आकडा आला उणे ०.३ अंश. म्हणजे उतार उलटा, पाणी परत दाराकडे!

मी मिस्त्रींना म्हणालो, "उतार उलटा झालाय." ते म्हणाले, "नाही भाऊ, बरोबर शे." मी फोन दाखवला. ते फोनकडे बघेनात, मी ऐकेना. आजी घसरली होती ती बरोबर तिथेच, त्यामुळे माझा आवाज जरा चढला. शेवटी त्यांनी ओल्या सिमेंटवरची एक ओळ काढली, न बोलता. मग पारदर्शक नळी आणली, दहा-बारा फुटांची, तिच्यात पाणी भरलं. एक टोक दाराशी माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः ट्रॅपपाशी धरलं. दोन्ही टोकांच्या पाण्याच्या रेषेवर भिंतीवर खुणा केल्या आणि खुणांपासून खाली टेप लावला. ठरलेल्या उतारात एक मिलिमीटरचाही फरक नव्हता.

चूक फोनची नव्हती, माझीच होती. फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो. माझ्या फोनचा अडीच मिलिमीटरचा आहे. फोन पाठीवर ठेवला की तो सपाट बसत नाही. खालची कड आणि कॅमेरा यांवर टेकतो. त्या दोघांतलं अंतर सुमारे १४ सेंटिमीटर. अडीच मिलिमीटर भागिले १४० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १ अंशाचा कल फोनने आधीच घेतलेला. आणि ८० ला १ हा उतार अंशांत किती? ०.७. कॅमेऱ्याचा उंचवटा मला मोजायच्या उतारापेक्षाच मोठा! उंचवटा ट्रॅपकडच्या बाजूला आल्यामुळे त्याने सगळा उतार खाऊन वर ०.३ उलटा दाखवला.

फोनच्या आत लेव्हल कळते ती ॲक्सेलरोमीटरमुळे. सिलिकॉनच्या चिपमध्ये केसाहून बारीक पट्ट्या असतात. गुरुत्वाकर्षणाने त्या किंचित सरकतात आणि त्या सरकण्यामुळे बदललेला विद्युतभार मोजला जातो. स्क्रीन आडवी-उभी फिरवायला किंवा पावलं मोजायला हे भरपूर झालं. पण हा सेन्सर कारखान्यातूनच थोडा तिरका बसलेला असू शकतो आणि तापमानानेही त्याचा शून्य सरकतो. काही ॲप्स तर आकडा पूर्ण अंशात दाखवतात. ०.७ अंशाचा उतार त्यांना एकतर १ दिसणार, नाहीतर ०.

तरीही फोननेच मोजायचं असेल तर एक युक्ती आहे. एकदा मोजा, मग फोन त्याच जागी अर्धा फिरवा, म्हणजे वरची बाजू दाराकडे, आणि परत मोजा. पहिल्या वेळी उंचवटा उताराच्या विरुद्ध होता, आता उताराच्या बाजूने. मला दुसऱ्यांदा १.७ आलं. दोघांची सरासरी काढा: उणे ०.३ आणि १.७, बेरीज १.४, निम्मे ०.७. खरा उतार. फोनची स्वतःची चूक दोन वेळा उलटसुलट येऊन आपोआप कटते. सर्व्हे करणारे लोक त्यांच्या दुर्बिणींच्या बाबतीत हीच युक्ती वापरत आले आहेत. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हे शिकलो होतो, आणि लादीवर बसलेला असताना विसरलो.

एक ओळ परत बसवण्यात मिस्त्रींचा अर्धा दिवस गेला. त्याची मजुरी मी वेगळी दिली आणि माफीही मागितली. ते हसले. "पानी कदी खोटं बोलस नही, भाऊ," एवढंच म्हणाले.

ते मूळचे धुळे जिल्ह्यातले, पांझरा काठच्या गावचे. तिकडे फड पद्धतीचं सिंचन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पंप नाही की मोटार नाही, फक्त उतारावर पाणी शेवटच्या शेतापर्यंत नेलं जायचं. किलोमीटरच्या किलोमीटर पाट पाण्याला वाहता ठेवेल पण माती उकरणार नाही इतक्या बेताच्या उताराने काढायचा. त्या भागातल्या माणसाला मी दोन सेंटिमीटरचा उतार शिकवत होतो.

आणि त्याच पांझरेच्या खोऱ्यात, दातर्तीला, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीला, १८८० च्या दशकात, पाटाचं पाणी नाल्यापलीकडे नेण्यासाठी पाइपांचा सायफन बांधला. तेव्हा ते विशीतले होते. पाणी एका बाजूने पाइपात खाली उतरतं आणि दुसऱ्या बाजूने वर येतं, कारण जोडलेल्या दोन टोकांमध्ये पाणी आपली पातळी सारखी करायला बघतं. मिस्त्रींची नळी याच तत्त्वावर चालते. तुमच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅपही याच कुळातला. त्याच्या वाकड्या भागात साधारण ५ सेंटिमीटर पाणी कायम उभं असतं, ते गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. मे महिन्यात आठ दिवस गावाला जाऊन आलात आणि घर उघडताच वास आला, तर पाइप फुटलाय असं समजू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ट्रॅपमधलं पाणी वाळतं. तांब्याभर पाणी ओता, वास थांबेल.

रेन शॉवरचं स्वप्न

मला छतातून पाऊस पडल्यासारखा शॉवर हवा होता. दुकानात बघितला, ऑर्डर करणारच होतो. मग कागद घेतला.

पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो. १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार. टाकी दोन हजार लिटरची आहे की पाचशेची, याने दाबाला काही फरक पडत नाही. आमचं घर एकमजली. गच्चीवर ठेंगण्या ओट्यावर टाकी, तिच्यातली पाण्याची पातळी जमिनीपासून सव्वाचार मीटर. शॉवरचं तोंड सव्वादोन मीटरवर. फरक दोन मीटर, दाब ०.२ बार, त्यातूनही पाइपातल्या वळणांमध्ये थोडा जाणार. मोठ्या रेन शॉवरला नीट पडायला १ बारच्या आसपास लागतो. प्रेशर पंप लावला तर येतो, पण तो वीज खातो, आवाज करतो आणि पाणी भसाभसा संपवतो. ज्या गावांत नळाला रोज पाणी येत नाही तिथे हे कोणाला परवडणार? हँड शॉवर घेतला, तोही नळाच्या उंचीवर. खाली असल्यामुळे त्याला दाब जास्त मिळतो आणि आजीला बसून वापरता येतो. गणित मांडायला दहा मिनिटं लागली आणि सात हजार वाचले.

भिंत बंद होण्याआधीचे फोटो

फोनचा खरा उपयोग इथे आहे. पूर्ण लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

धुळ्याला माझ्या मामांनी दोन वर्षांपूर्वी बाथरूम केलं. पाइप भिंतीत, वर टाइल्स, सगळं चकाचक. सहा महिन्यांनी टॉवेल रॉड लावायला ड्रिल मारलं आणि थेट पाइपात गेलं. पाइप कुठून गेलाय हे कोणालाच आठवत नव्हतं. प्लंबर फोन उचलेना, गच्चीवरचा व्हॉल्व्ह गंजून बसलेला, फिरेना. त्यांच्याकडे पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं आणि आदल्या दिवशीच टाकी भरून घेतली होती. ती सगळी टाकी त्या छिद्रातून पॅसेजमध्ये रिकामी झाली. मामी अजूनही हा किस्सा सांगताना मामांकडे बघत नाहीत.

म्हणून पाइप आणि वायरचे पाइप भिंतीत बसले, की प्लॅस्टरच्या आधी फोटो काढा. पण नुसते फोटो पुरत नाहीत. टाइल्स लागल्यावर त्या फोटोतला पाइप नेमका कुठे, हे सांगायला खूण राहत नाही. मी असं केलं: प्रत्येक भिंतीवर एक टेप जमिनीपासून उभा लावला आणि एक कोपऱ्यापासून आडवा. दोन्ही टेप फोटोत आले पाहिजेत. फोन भिंतीला समांतर, मधोमध धरला. वाइड अँगल लेन्स वापरू नका, तिच्यात कडेच्या रेषा ताणल्या जातात आणि आकडे फसवतात. जागा नसेल तर एका भिंतीचे चार फोटो काढा. शिवाय एक व्हिडिओ, ज्यात तुम्ही तोंडाने सांगताय: "ही पूर्वेची भिंत, गरम पाण्याचा पाइप कोपऱ्यापासून ४२ सेंटिमीटरवर वर जातो." आवाज मूर्खासारखा वाटतो, पण नंतर तोच कामाला येतो.

हे फोटो व्हॉट्सॲपवर साधे फोटो म्हणून पाठवून मोकळे होऊ नका. व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं, टेपवरचे आकडे पुसट होतात, आणि फोटोसोबतची तारीख-वेळेची माहितीही निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा घरच्यांचा शेअर्ड अल्बम करा. आणि दोन प्रिंट काढा. मी त्या मीटरच्या खोक्याच्या दाराला आतून चिकटवल्यात. माझा फोन दोन वर्षांत बदलेल, भिंत वीस वर्षं तिथेच राहील.

त्याच दिवशी पाइपांची प्रेशर टेस्ट करून घ्या. प्लंबर सगळी तोंडं बंद करून हातपंपाने दाब भरतो आणि गेजचा काटा बघतो. आमचा प्लंबर "झालं, दाब धरला" म्हणून दहा मिनिटांत निघाला होता. मी त्याला गेज रात्रभर राहू द्यायला सांगितलं. रात्री नऊला काट्याचा फोटो, सकाळी सातला परत फोटो. काटा थोडा उतरला होता. एका एल्बोचा जोड किंचित ओला, बोटाला लागेल एवढाच. टाइल्सच्या मागे तो वर्षभरात भिंतीला ओल आणून बसला असता.

पाइप आम्ही सीपीव्हीसी घेतले, कारण साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो. जळगावात पाइप निवडायला सल्लागार कमी नाहीत. जैन इरिगेशनचं गाव हे, इथे दर दुसऱ्या घरात कोणीतरी पाइप, ठिबक किंवा केळीशी संबंधित निघतो आणि मत द्यायला थांबत नाही.

पाणी भरून ठेवा, शेजारी डबाही ठेवा

जमिनीला वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपला बूच मारून दोन-तीन इंच पाणी भरतात आणि एक-दोन दिवस ठेवतात. पातळी उतरली तर गळती. साधं वाटतं, पण खानदेशात पाणी उडून जाण्याचंच प्रमाण एवढं की उतरलेली पातळी गळतीची की हवेची हे सांगता येत नाही. यावर भांडणं होतात. मिस्त्री म्हणतो उडालं, मालक म्हणतो गळलं.

त्यावर उपाय असा: त्याच पाण्याशेजारी सरळ काठाचा स्टीलचा डबा पाण्याने भरून ठेवा. पेन्सिलने दोन्हीकडे खूण करा, फोटो घ्या. पाणी उडतं ते पृष्ठभागावरून, त्यामुळे पातळी किती मिलिमीटर उतरते ते डब्यात आणि जमिनीवर साधारण सारखंच असतं. डबा तर गळत नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी जमीन ३ मिलिमीटर उतरली आणि डबा २. एक मिलिमीटर म्हणजे पेन्सिलच्या रेघेची जाडी, शिवाय नवं सिमेंट थोडं पाणी पितंच. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे २. पास.

गरम पाणी: इथे गंमत नाही

आईचं म्हणणं होतं गॅस गीझर घेऊ, लाइट गेली तरी चालतो. मी यावर एक शब्दही ऐकून घेतला नाही. चार बाय सहाच्या बंद बाथरूमच्या आत गॅस गीझर कधीही लावू नका. ज्योतीला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पाय लटपटतात, आणि कडी काढायच्या आत माणूस कोसळतो. थंडीत झरोका बंद करून आंघोळ करताना आपल्या राज्यात लोक असे गेले आहेत. तुमच्या फोनमध्ये हा वायू ओळखणारा सेन्सर नसतो. गॅस गीझर लावायचाच तर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत लावा, फक्त पाणी आत आणा.

आम्ही १५ लिटरचा, २ किलोवॅटचा विजेचा घेतला. २५ अंशांचं पाणी ६० वर न्यायला त्याला जेमतेम १८ मिनिटं लागतात. त्यात गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं सुमारे ३५ लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या भरतील एवढं. आजीला एक पुरते. ३ लिटरचा इन्स्टंट गीझर स्वस्त मिळतो आणि ३ किलोवॅट लिहिलेलं बघून भारी वाटतो, पण मिनिटाला ३ लिटर पाणी सोडलं तर तो ते फक्त १४ अंशांनी तापवू शकतो. बादली भरायला तो नाही. तसं बघितलं तर एप्रिल-मेमध्ये आमच्या गच्चीवरची काळी टाकीच गीझर असते, दुपारी नळाखाली हात धरवत नाही.

वायफायवर चालणारा गीझर घ्यायचा मोह झाला होता. पुण्यात बसून आजीचं पाणी तापवता आलं असतं. पण ती पाचला उठते, मी आठला. साधा १६ अँपिअरचा टायमर लावला.

खरा खर्च करायचा तो आरसीसीबीवर. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट दुसरीकडून, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत चाललाय, की ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत लाइन तोडते. घरात ३० मिलिअँपिअरचीच घ्या. १०० आणि ३०० च्याही मिळतात, त्या आगीपासून बचावासाठी असतात. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. मी फोनमध्ये पप्पांच्या नावाने रिमाइंडर टाकलाय. अर्थिंगही तपासून घ्या. आमच्या जुन्या बाथरूममध्ये तीन पिनांचं सॉकेट होतं, पण तिसऱ्या पिनेला मागे वायरच नव्हती.

खारं पाणी

आमच्याकडे धरणाचं पाणी आणि बोअरचं पाणी दोन्ही येतं. दोनशे रुपयांच्या टीडीएस मीटरने मोजलं, नळाचं अडीचशेच्या आसपास, बोअरचं नऊशेच्या वर. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं, असं आहे. पण हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते एवढंच बघतं. त्यातले क्षार मिठासारखे विरघळून जाणारे आहेत की शॉवरच्या भोकांत दगड होऊन बसणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे, हे त्याला कळत नाही. साबणाला फेस येत नसेल तर दुसरे.

ठिबकच्या नळ्या क्षाराने बंद पडल्या की केळीवाले त्यांच्यातून आम्ल सोडतात, हे इकडे पोराटोरांनाही माहीत असतं. शॉवरलाही तेच. काढून तासभर व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा. फक्त आम्लाचा कुठलाही क्लीनर ब्लीचमध्ये मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि लहान बाथरूममध्ये तो थेट छातीत जातो.

बाकी थोडक्यात. लाद्या अँटिस्किड घेतल्या. खोक्यावर आर ९, आर १०, आर ११ असं लिहिलेलं असतं, आकडा मोठा तेवढी घसरण कमी. ओल्या जागेला १० किंवा ११ बघा, आणि लहान लाद्या घ्या, कारण जोड जास्त तितकी पायाला पकड जास्त. दार बाहेर उघडणारं केलं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं, डिसेंबरमध्ये आम्ही ते बघितलं होतं. कडी अशी, की बाहेरून नाण्याने फिरवता येते. रात्री पाऊल टाकलं की लागणारा सेन्सरचा दिवा दाराबाहेर लावला. हे सेन्सर शरीराच्या उष्णतेची हालचाल ओळखतात, त्यामुळे मेच्या रात्री भिंतीच तापलेल्या असल्या की थोडे गोंधळतात. आमचा सध्या मांजरालाही लागतो.

कमोडशेजारी धरायची दांडी लावताना ड्रिलवाल्याने विचारलं, "इथे पाइप आहे का?" मीटरच्या खोक्याचं दार उघडलं, प्रिंट बघितली. गार पाण्याचा पाइप त्या खुणेपासून सहा सेंटिमीटरवर होता. दांडी थोडी डावीकडे घेतली.

आजी ती दांडी धरून उठते. बाकी वेळ तिथे तिचा पंचा वाळत असतो.